जरा मोठ्यानं ओ दे

१

लग्न होऊन शाहूपुरीत आल्यावर रक्षिताला पहिल्या आठवड्यातच एक गोष्ट कळून चुकली. या घरात हळू बोलणाऱ्याला कुणी विचारत नाही. खाली रस्त्याला लागून सासरे शंकरप्पांची गुळाची पेढी. तिथं हमाल, अडते, टेम्पोवाले सगळे एकमेकांशी असे बोलत, जणू मध्ये नदी आहे आणि समोरचा पल्याडच्या काठावर उभा आहे. पेढीवर घर आणि घरावर पत्र्याची एक लांबट खोली. ती खोली नव्या जोडप्याला दिलेली.

सासूबाई शांतादेवी गुडघ्यांनी बेजार. जिना चढणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं. काही हवं असलं की जिन्याच्या तोंडाशी उभं राहून त्या हाक मारायच्या, "रक्षिताऽऽ!"

रक्षिता वरून "ओ" द्यायची. पण ती ओ जिन्याच्या दुसऱ्या वळणावरच बसकण मारायची. मग दुसरी हाक, मग तिसरी.

"आगं, ऐकू येतंय का न्हाय? जरा मोठ्यानं ओ देत जा की!"

"दिली की, आत्ती," रक्षिता धावत खाली येऊन सांगायची. सासूला ती गडहिंग्लजकडच्या सवयीनं आत्तीच म्हणायची.

"दिलीस तर ती माझ्या कानावर नको व्हय याय? का पोस्टानं धाडतीस?"

रक्षिता हसायची. माहेरी शाळेत शिकवताना चाळीस पोरांपुढं तिचा आवाज निघत होता, इथं का बसतो हे तिलाही उमजत नव्हतं. नव्या घरात स्वतःच्या आवाजाची जागा सापडायला वेळ लागतो, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं. सापडेल.

वरची खोली मुळात तिच्या नवऱ्याची, म्हणजे सोमेशच्या बँडची. बँडचं नाव 'गुऱ्हाळ'. सोमेश गिटार वाजवायचा आणि गायचा, ऋतुराज ड्रमवर, आणि जोतीराम बास वाजवून शिवाय रेकॉर्डिंगच्या सगळ्या वायरी सांभाळायचा. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून चारी भिंतींना आणि दाराला आतून गुळाची रिकामी पोती ठोकलेली. त्यामुळं खोलीला कायम गोडसर, किंचित जळका वास आणि कोपऱ्याकोपऱ्यात मुंग्यांची रांग. याच खोलीत गेल्या हिवाळ्यात त्यांनी आपला पहिला अल्बम केला, 'काहील'. नाव उसाचा रस आटवायच्या मोठ्या कढईवरून. लग्न ठरल्यावर नवरीसाठी खोली रिकामी केली, म्हणजे ड्रमवर आत्तींची जुनी इरकल टाकली आणि उरलेल्या जागेत पलंग घुसवला.

"एक सांगू?" सोमेश तिला सारखा म्हणायचा. "रॉक बँडवाल्याच्या बायकोनं 'अहो' म्हणायचं? माझी इज्जत जाती. नावानं हाक मार की."

"लग्नात घेतलं की नाव. उखाण्यात."

"ते सगळ्या गावासाठी. माझ्यासाठी कधी?"

"सवय न्हाय ओ."

"बघ. ज्या दिवशी तू नावानं हाक मारशील, त्या हाकेचं मी गाणं करणार."

रक्षिता चुडा सावरत पलीकडं बघायची. दोन्ही हात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्यांनी भरलेले. कूस बदलली तरी सगळी खोली किणकिणायची. तोंडानं नाही तर नाही, हातांनी तरी या घरात आपण आहोत हे कळतं, असं तिला वाटायचं.

२

'काहील' लग्नानंतर लगेचच बाहेर आला. सुरुवातीला तो फक्त मित्रांनी आणि मित्रांच्या मित्रांनी ऐकला. मग पुण्याच्या कुणीतरी त्यावर लांबलचक लिहिलं आणि ऋतुराज तो मजकूर फोनवर उघडून नाचतच वर आला.

"ऐका रे! 'पहिल्या गाण्यात गिटार सुरू होण्याआधी काकणांची किणकिण ऐकू येते. कुणी स्त्री त्या खोलीत वावरते आहे. तिची हजेरी अल्बमभर जाणवत राहते आणि हाच काहीलमधला सगळ्यात धाडसी प्रयोग आहे.' आयला! भावांनो, आपण प्रयोग केलाय!"

"कुठला प्रयोग?" जोतीरामनं विचारलं.

"मला काय ठावं? तू केलास असंल."

त्यांनी गाणं लावलं. रक्षिता नेमकी चहाचा ट्रे घेऊन दारात आलेली. स्पीकरमधून आधी शांतता आली, मग खोलीची हवा, आणि मग अगदी स्पष्ट काचेची किणकिण. एक हात उचलावा, केस मागं सारावेत आणि पुन्हा खाली घ्यावा, एवढीच. त्यावर गिटार सुरू झाली.

तिघांनीही ट्रेकडं बघितलं. ट्रे धरलेल्या हातांकडं.

"वहिनी!" ऋतुराज ओरडला. "रॉयल्टी मागू नका म्हणजे झालं!"

"मी तवा गडहिंग्लजला होतो," रक्षिता म्हणाली. कोल्हापूरकडच्या पोरी स्वतःबद्दल बोलताना होतो-गेलो म्हणतात, तशीच तीही म्हणायची. "लग्न ठरायचं होतं अजून."

मग सोमेश आणि ऋतुराज मोठ्यानं हसले.

जोतीराम मात्र कपाळाला आठी घालून बसला. "मिक्सिंग करताना एकेक ट्रॅक वेगळा ऐकलाय मी. न्हवतं हे. आत्ताबी माझ्या मशिनवर एकेक लावला तर न्हाय. सगळे एकत्र वाजले की येतंय."

"झांजांचा काय तर खेळ असंल," सोमेश म्हणाला.

असेल, असं रक्षितालाही वाटलं. काच आणि पितळ यांचा आवाज काही फार लांबचा नाही. शिवाय फोनवर गाणी दाबून, पिळून येतात म्हणे. त्यात काय काय मिसळत असेल कुणास ठाऊक.

पण मजकूर एकावर थांबला नाही. कुणी लिहिलं, चौथ्या गाण्यात ती गुणगुणते. कुणी लिहिलं, आम्ही गाणी सोडून तिलाच ऐकतो. मुंबईहून कुणीतरी फोनवर मुलाखत घेतली आणि रक्षितानं जिन्यात उभं राहून सोमेशला सांगताना ऐकलं, "हां, ते मुद्दाम ठेवलंय. घर गाण्यात यायला पाहिजे ना."

"खोटं का सांगितलंत?" तिनं नंतर विचारलं.

"खोटं कुठं? ऐकू येतंय का न्हाय?"

"कुणाचं येतंय?"

"असंल कुणाचं तरी. लोकांना आवडलंय, ते कशाला उकरायचं?" त्यानं तिच्या हातावरच्या बांगड्यांवरून बोट फिरवलं. "तुझंच समज."

पुढच्या सोमवारी गल्लीतल्या बायका आत्तींकडं जमल्या. एकीनं विचारलं, "शांताक्का, पोराच्या गाण्यात सून वाजतीया म्हणं?"

आत्ती पदर सावरून बसल्या. "व्हय की! आमच्याच सुनेच्या बांगड्या हाइत त्या. बोलत न्हाय, पण वाजती!"

सगळ्या हसल्या आणि रक्षिताकडं वळल्या. नव्या सुनेनं चारचौघींत सासूचं बोलणं खोडायचं नसतं. शिवाय आत्तींना तिचं काही कौतुक वाटावं, असं हे पहिल्यांदाच घडत होतं.

"व्हय," रक्षिता म्हणाली.

एवढंच म्हणाली. पण त्या वेळी वरच्या खोलीत काहीतरी हललं, असं तिला वाटलं. पत्र्यावर मांजर असावं.

३

ज्येष्ठातली एक दुपार. सोमेश आणि ऋतुराज खाली पेढीवर बसलेले, रक्षिता वर पलंगाची चादर घालत होती. कोपर लागून खिडकीतलं स्टीलचं फुलपात्र पडलं. ते पडून थांबलं नाही. फरशीवर गोल फिरत राहिलं, आधी संथ, मग घाईघाईनं, मग थरथरत, आणि शेवटी एक लहानसा ठोका देऊन निपचित झालं.

त्या शेवटच्या ठोक्याला ती थांबली. कशासाठी, ते तिला कळलं नाही. आता काहीतरी सुरू व्हायचं आहे, असं वाटून ती चादरीचं टोक हातात धरून उभी राहिली.

खालून ऋतुराजचा आवाज आला. "वहिनी! तिसरं गाणं लावलासा काय?"

"न्हाय. फुलपात्र पडलं."

"अगदी तिसऱ्याची सुरुवात बघा! फक्त माझा ड्रम तेवढा राहिला." आणि त्यानं खाली गुळाच्या रिकाम्या डब्यावर बोटांनी ठेका धरला. तो जिथं यायला हवा, बरोबर तिथं आला.

रक्षितानं तिसरं गाणं लावलं. फुलपात्र पडलं, फिरलं, थरथरलं, ठोका दिला. मग ड्रम. तिनं ते पुन्हा लावलं आणि खालचं फुलपात्र उचलून बघितलं. लग्नातल्या आहेरात आलेलं होतं. काठावर तिच्या मावशीचं नाव कोरलेलं.

जगातली सगळी फुलपात्रं अशीच फिरत असणार. तिनं ते दुसऱ्यांदा पाडून बघितलं. या खेपेला ते नुसतं आडवं पडलं आणि गप्प राहिलं.

त्यानंतर तिनं अल्बम ऐकणं सोडलं. पण अल्बम घरात वाजायचा थांबला नाही. पेढीवर वाजायचा, ऋतुराजच्या गाडीत वाजायचा. आणि ती एखाद्या सकाळी वेणी घालता घालता अव्वाची, म्हणजे तिच्या आईची, भाकरी थापतानाची कानडी चाल गुणगुणायची आणि मध्येच थबकायची. ही चाल चौथ्या गाण्यात आहे. ती मुळात आपल्या तोंडात होती म्हणून तिथं ओळखू आली, की तिथं ऐकली म्हणून आपल्या तोंडी बसली? जेवढा विचार करावा तेवढं काहीच खात्रीचं उरत नव्हतं.

४

आषाढ लागला. लग्नानंतरच्या पहिल्या आखाडात सुनेनं सासूसमोर राहायचं नाही, महिनाभर माहेरी जायचं, हा रिवाज. रक्षिताला या रिवाजाचा कधी नव्हे एवढा आनंद झाला. निघताना सोमेशनं आपले जुने हेडफोन तिच्या पिशवीत कोंबले. "कंटाळा आला तर ऐक आम्हाला."

एसटीत चढताना दाराच्या दांडीला हात लागला आणि काही बांगड्या वाढल्या. फुटल्या असं म्हणायचं नसतं. गडहिंग्लजला पोचल्यावर अव्वानं तो अर्धामुर्धा चुडा बघितला आणि कासारणीला बोलावलं. उरलेल्या बांगड्या साबण लावून उतरवल्या, देवळीत ठेवल्या, आणि दोन्ही हातांत दोन दोन साध्या काचेच्या भरल्या.

"हलकं वाटतंय," रक्षिता म्हणाली.

"वाटणारच की यव्वा. आता कुठं हाईस ते लांबनं कळणार न्हाय," अव्वा हसून म्हणाली.

बाहेर झड लागलेली. करमेना, तेव्हा एका दुपारी तिनं हेडफोन कानांवर चढवले. म्हटलं, शेवटचं गाणं आपण कधी नीट ऐकलंच नाही. ते तरी ऐकू.

गाणं संपत आलं. गिटार विरली. आणि मग जे कुणीच लिहिलं नव्हतं, कारण फोनच्या बारक्या स्पीकरवर ते ऐकूच आलं नसतं, ते हेडफोनमध्ये हळूहळू वर आलं.

पाऊस. पत्र्यावर पडणारा जोरदार पाऊस. आणि अल्बम तर हिवाळ्यात केलेला.

पावसापलीकडं दार वाजवल्याचा आवाज. जाड दाराच्या बाहेरून एक बाई हाक मारत होती. "सोमेश!" मग काकुळतीनं, "सोमेश!"

मग अलीकडं, माईकच्या अगदी जवळ, बांगड्यांची किणकिण. भरल्या हाताची. कुणीतरी चार पावलं चाललं. कडी सरकली. आणि सगळं थांबलं.

रक्षितानं हेडफोन काढले. मग तिनं शिक्षिकेसारखी एकेक गोष्ट मांडायला घेतली. आतली बाई बांगड्यांची. ती मी असेन, समजा असेनच, तरी त्यात भिण्यासारखं काय? माझी खोली, माझ्या बांगड्या. बाहेरची बाई मात्र मी नव्हे. ती नवऱ्याला नावानं हाक मारते. मी मारत नाही. म्हणजे कुणी दुसरी दाराशी येते आणि मी कडी काढून तिला आत घेते. आली असेल एखादी बहीणबिहीण.

हा हिशेब तिला पटला. पटायलाच हवा होता.

तिनं हेडफोन अव्वाच्या कानाला लावले, फक्त शेवट ऐकवला. अव्वा पिठाचे हात लांब धरून ऐकत राहिली.

"कोण गं हाक मारतंय?" रक्षितानं विचारलं.

"कोण म्हंजे? तूच की." अव्वाला प्रश्नच कळला नाही. "पोटच्या पोरीचा आवाज वळकू येत न्हाय व्हय मला? पर नवऱ्याला असं नावानं बोलवत जाऊ नगं गं. चांगलं दिसत न्हाय."

"आणि आतली?"

"आतली कोण?" अव्वा म्हणाली. "त्या बांगड्या? ती न्हाय बा मला म्हाईत."

५

तिनं सोमेशला फोन केला. तो खुशीत होता. "तू गेलीस, खोली मोकळी झाली, म्हटलं नवीन गाणी करून टाकू. पोरं न्हाइत, मी एकटाच रेकॉर्ड करतोय. काय सुचतंय म्हणून सांगू! असं वाटतंय कुणीतरी शेजारी बसून सांगतंय."

त्याच्या आवाजामागं कुणीतरी गुणगुणत होतं.

"कोण हाय तिथं?"

"कोण असणार? मी आणि मुंग्या."

"कुणीतरी गुणगुणतंय ओ."

"आमचंच गाणं लागलं असंल खाली." तेवढ्यात लांबून आत्तींची हाक ऐकू आली. "रक्षिताऽऽ!" सोमेश हसला. "बघ, आईची सवय. तू न्हाईस तरी तुलाच हाक मारती. पण एक बरं झालंय. आधी तीन-तीनदा ओरडायची. आता एकदा हाक मारती आणि गप बसती."

रक्षितानं फोन ठेवला. मग अव्वाच्या हाताखाली भाकऱ्या शेकत बसली. एक भाकरी फुगली, दुसरी फुगली. तिसरी तव्यावर टाकताना तिचा हात थांबला.

आत्ती गप्प कधी बसायच्या? ओ मिळाली की.

भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा ती पिशवी भरत होती. अव्वा दारात आडवी आली. आखाड सरला नाही, सासूचं तोंड बघू नये, लोक काय म्हणतील. रक्षितानं सगळं ऐकून घेतलं आणि दुपारची एसटी धरली. निपाणी गेली, कागल गेलं. सगळ्या रस्त्यात ती काचेवरून ओघळणारं पाणी बघत एकच गोष्ट स्वतःला बजावत होती. काही झालं तरी नावानं हाक मारायची नाही. तेवढं आपल्या हातात आहे.

स्टँडवरून घर चालत जाण्याएवढं. पेढीवर पावसामुळं शुकशुकाट होता, शंकरप्पा तक्क्याला टेकून पेंगत होते. ती भिजलेली पिशवी घेऊन स्वैपाकघराच्या दारात पोचली. आत्ती ओट्याकडं तोंड करून कणीक मळत होत्या.

पावलं ऐकून त्या न वळताच म्हणाल्या, "कप आणलेस काय खाली?"

रक्षिता उंबऱ्यातच थबकली.

"अगं, मघाशी दोन कप चहा जिन्यात ठेवलेला, नेलास न्हवं?" आत्ती वळल्या. त्यांनी भिजलेले केस बघितले, पिशवी बघितली, पिशवीतून फरशीवर ठिबकणारं पाणी बघितलं. कणकेचा हात छातीशी गेला. "तू... बाहिरनं आलीस?"

"आत्ताच आलो, आत्ती."

मग आत्तींनी स्वतःच मान झटकली. "माझ्याच डोसक्यात काय तर. म्हातारपण." आणि लगेच आवाज चढवला, "आणि आखाड सरायच्या आत कशी आलीस गं तू? काय रीत हाय का न्हाय!" पण त्या ओरडण्यात नेहमीचा दम नव्हता. नजर जिन्याकडं होती.

६

जिन्याच्या दुसऱ्या वळणावर पावसाचा आवाज एकदम वाढला. पत्र्यावर कुणी गुळाची पोती रिकामी करत असावं तसा.

दार बंद होतं. रक्षितानं हातानं थापटलं. दाराला आतून पोती ठोकलेली, थाप तिथंच मुरली.

"अहो!"

आत गिटार चालू होती. सोमेशनं हेडफोन घातले असणार. ती पुन्हा म्हणाली, "अहो! मी आलोय!" स्वतःचा आवाज तिला स्वतःलाच पावसात सापडेना. आणि आतून, गिटारच्या वर, ती चाल ऐकू आली. भाकरी थापतानाची.

बिजागरीपाशी एका फळीची खपली उडाली होती आणि तिथलं पोतं उसवलं होतं. बोटभर फट. ती वाकली.

सोमेशची पाठ दिसली. स्टुलावर बसलेला, कानांवर हेडफोन, मान तालात हलत होती. त्याच्या खांद्यावर एक हात होता. कोपरापर्यंत हिरव्या बांगड्यांचा. बोटं खांद्यावर ठेका धरत होती आणि काच हलके वाजत होती. तो हात कुणाच्या अंगाला लागून होता ते फटीतून दिसत नव्हतं. सोमेशनं डोळे मिटलेलेच ठेवून गाल तिकडं कलता केला, जसा तो रोज तिच्याकडं करायचा.

बसमध्ये बजावलेलं सगळं तिच्या मनातून पुसून गेलं. अहो कुणालाही म्हणता येतं. अहोला काय, कुणीही मागं वळतं.

"सोमेश!"

बोटं थांबली.

"सोमेश!" दोन्ही मुठींनी दार वाजवत ती ओरडली, चाळीस पोरांपुढं निघायचा त्या आवाजात.

आत बांगड्या किणकिणल्या. चार पावलं दाराकडं आली. आणि तेव्हा, दारावर मूठ तशीच टेकलेली असताना, रक्षिताला आपला हिशेब कुठं चुकला ते कळलं. अव्वानं सांगूनही मनातून तिनं आतली बाई स्वतःलाच समजून बाहेरची परकी धरली होती.

कडी सरकली. तिनं दार ढकललं. ते हललं नाही. कडी निघाली नव्हती. लागली होती.

इथं अल्बम संपत होता. यापुढं काय, ते तिनं कधीच ऐकलेलं नव्हतं.

७

दार उघडलं ते सोमेशनं. हेडफोन गळ्यात, चेहरा उजळलेला.

"तू? आत्ता? आणि नावानं हाक मारलीस? नावानं!"

ती त्याच्या बगलेखालून आत शिरली. पलंग. इरकल टाकलेले ड्रम. स्टूल. खिडकीतलं फुलपात्र. पोत्यांच्या भिंती. दुसरं कुणी नव्हतं, आणि दुसरं दारही नव्हतं. जमिनीवर चहाचे दोन कप होते, दोन्ही रिकामे.

"कडी का लावली होतीत?"

"मी कुठं लावली? फुगलंय दार पावसानं."

"आणि दुसरा कप?"

"आई दोन ठेवती, सवयीनं."

"पितं कोण?"

"मुंग्या पीत असतील," तो म्हणाला. त्याचं लक्षच नव्हतं. तो मशिनवर वाकला होता. "थांब, ऐक. चालू राहिलं होतं. सगळं आलंय."

पाऊस आला. थापा आल्या. दाराबाहेरून "सोमेश! सोमेश!" आलं. किणकिण, चार पावलं, कडी. रक्षिता ऐकत होती. भिजलेल्या हातांत दोन दोन बांगड्या चिकटून गप्प होत्या.

"हे आधीच हाय तुमच्या अल्बमात," ती म्हणाली. "शेवटी. हेडफोन लावून ऐका."

"असंल की. पुन्हा घेऊ. लोकांना वाटंल मुद्दाम केलंय."

पण रेकॉर्डिंग कडीपाशी थांबलं नाही. मशिन पुढं चालत राहिलं. थोडा वेळ नुसता पाऊस. मग माईकच्या अगदी तोंडाशी, हळू, कुणी आरशापुढं घोकून बघावं तसं, एका बाईनं म्हटलं, "ओ." जरा थांबून, थोडं मोठ्यानं, "ओ."

"ही ओ कधी दिलीस तू?" सोमेशनं विचारलं.

"मी न्हाय दिली."

"मग काय मी दिली?" तो हसला, आणि वायर गुंडाळायला लागला.

खालून, जिन्याच्या तोंडाशी, आत्तींनी हाक मारली. "रक्षिताऽऽ!"

रक्षितानं श्वास घेतला.

"ओऽऽ!"

ती ओ तिच्या पाठीमागून आली. खणखणीत. जिन्याची दोन्ही वळणं घेऊन थेट स्वैपाकघरात पोचली. सोमेशनं मान वरसुद्धा केली नाही. वायर गुंडाळता गुंडाळता तो कौतुकानं म्हणाला, "बघ, जमतंय की तुला."

"हां! आता कसं!" आत्तींचा आवाज एकदम मोकळा झाला होता. "अशी ओ द्यावी माणसानं. ये, कप घेऊन ये गं खाली."

रक्षिता जागची हलली नाही. तिच्या मागं एका कपात दुसरा कप ठेवल्याचा आवाज झाला. मग भरल्या हाताची किणकिण तिला घासून पुढं गेली आणि जिना उतरू लागली.

"आत्ती!" रक्षिता ओरडली.

ती हाक जिन्याच्या दुसऱ्या वळणावरच बसली.